इंजिन बांधायचं की बदलायचं?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं इंजिनकामाचं मशीन शॉप आहे. बोरिंग, होनिंग, हेडकाम, इंजिन बांधणी. पोट चालतं ते ट्रॅक्टर, टेम्पो आणि उसाच्या ट्रकांवर. पण लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती भरायला लागल्यापासून एक वेगळं गिऱ्हाईकही येऊ लागलं. त्यांची गाडी फक्त सरळ पळते आणि पळते तेवढी ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल. त्या पाव मैलात इंजिन गेलं की गाडी टोचनला लावून आमच्या दारात येते आणि मालक पहिला प्रश्न विचारतो, "मेस्त्री, हेच बांधायचं का दुसरं टाकायचं?" या प्रश्नाचं उत्तर काढण्यात एक अख्खा दिवस जातो. तो दिवस असा असतो.

सकाळी ७.४५

शटर वर जातं तेव्हा इंजिन स्टँडवर चढलेलं असतं. स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएसचं १.८ लिटर टर्बो पेट्रोल. काल संध्याकाळीच गाडीतून उतरवलं. उतरवण्याआधी लीक-डाऊन टेस्ट उरकून घेतली होती. एकेक पिस्टन वरच्या टोकाला आणायचा, प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि ती कुठून पळते ते कान लावून ऐकायचं. सायलेन्सरमधून फुसफुसली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनलेट व्हॉल्व्ह, रेडिएटरात बुडबुडे आले तर गॅसकेट किंवा चीर. इथं एक, दोन आणि चार नंबर शांत होते. तीन नंबरची हवा सरळ ऑईल भरायच्या तोंडातून वर आली. म्हणजे दोष रिंगांत, पिस्टनमध्ये नाहीतर बोअरमध्ये.

पान्याला हात लावण्याआधी वहीत पहिली ओळ लिहून ठेवतो : "का गेलं?" खर्च, सुटे भाग, मुदत या सगळ्या ओळी तिच्याखाली. हे उत्तर सापडलं नाही तर बांधलेलं इंजिनही जातं आणि बदललेलंही.

दुसऱ्या ओळीत इंजिनाची कुंडली. १७८१ सीसी, बोअर ८१ मि.मी., स्ट्रोक ८६.४ मि.मी. बिडाचा ब्लॉक, फोर्ज्ड क्रँक, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह. कंपनीतून निघताना १५० अश्वशक्ती. मालकाने मोठा टर्बो लावून बूस्ट दीड बारपर्यंत नेलाय आणि ताकद जवळपास दुप्पट केलीय. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड मात्र कंपनीचेच ठेवलेत. म्हणजे बाहेरचं सगळं बदललं आणि मार खाणारं तसंच राहिलं.

सकाळी ८.१५

इंजिन खोलण्याआधी ऑईल फिल्टर खोलतो. हॅकसॉने नाही, कारण करवतीचाच चुरा आत पडतो आणि खरा चुरा कोणता ते कळत नाही. फिल्टर कापायचा कटर वेगळा असतो. आतला कागद पसरून उन्हात धरायचा आणि त्यावरून लोहचुंबक फिरवायचा.

चुंबकाला अगदी बारीक लव चिकटली. न चिकटलेले पांढरे चकचकीत कण बरेच निघाले, ते ॲल्युमिनियम. पिस्टन चावला गेलाय. त्यांच्यात राखाडी पापुद्रे, म्हणजे बेअरिंगच्या शेलवरचा मऊ थर. हेल्परला जवळ बोलावून दाखवलं. "हे जिथं जिथं ऑईल गेलंय तिथं गेलंय. टर्बोच्या बेअरिंगात, ऑईल कूलरात, हेडच्या लिफ्टरात. वहीत लिही, ऑईल कूलर नवीन."

कूलरच्या बारीक नळ्यांत अडकलेला चुरा कितीही धुतला तरी पुरता निघत नाही. बाजारातून चांगलं इंजिन आणून त्याला जुनाच कूलर जोडणारे लोक भेटतात. त्यांचं नवं इंजिन जुन्याचाच चुरा पितं आणि महिन्याभरात जुन्याच्या वाटेला लागतं.

सकाळी ९.००

हेड उतरवलं. तीन नंबरच्या पिस्टनची कड एका बाजूने उंदराने कुरतडल्यासारखी. पहिली आणि दुसरी रिंग यांच्यामधला कठडा, ज्याला आम्ही लँड म्हणतो, तो तुटून पडलाय. सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे आहेत आणि त्यांच्यावर ॲल्युमिनियम लिंपलं गेलंय. प्लगच्या टोकावर चांदीच्या टिकल्यांसारखे थेंब. हे चित्र डिटोनेशनचं. ठिणगीने पेटलेली आग नीट पसरण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकलं, की दाब एकदम उसळतो आणि लँडवर घणासारखा बसतो.

घण केवढा ते हिशेबाने कळतं. ८१ मि.मी. पिस्टनचं क्षेत्रफळ साडेएक्कावन्न चौरस सेंटिमीटर. सिलिंडरात १०० बार दाब झाला तर पिस्टनवर सव्वापाच टन भार येतो. मोठा टर्बो लावलेल्या इंजिनात हा आकडा ओलांडला जातो. डिटोनेशन सुरू झालं की त्यावर आणखी उसळी.

आता डायल गेज लावून चारही पिस्टन वरच्या टोकाला किती वर येतात ते पाहिलं. तिघांची उंची जुळली. तीन नंबर अर्ध्या मिलिमीटरहून जास्त खाली राहिला. क्रँक तोच, ब्लॉक तोच, पिस्टन त्याच मापाचे, तर लांबी हरवली कुठं? रॉडमध्ये. नुसत्या डोळ्यांना तो सरळच दिसतो, गेज त्याचा वाक सांगतो.

सकाळी १०.१५

इंजिन उलटं फिरवून सम्प उघडला. ऑईल शोषणारी जाळी अर्धी बुजलेली. रॉडच्या आणि मेनच्या, म्हणजे क्रँक ब्लॉकवर टेकतो तिथल्या, कॅप्सवर आधी पंचने नंबर मारून मगच त्या सोडल्या. कॅप ज्या जागेची त्याच जागी, त्याच तोंडाने बसली पाहिजे, कारण तिचं भोक रॉडसकट किंवा ब्लॉकसकट एकत्र कापलेलं असतं. अदलाबदल झाली की गोलाई गेली.

तीन नंबरच्या रॉडचा शेल चट्ट्यांचा झालाय, एका जागी पितळी रंग उघडा पडलाय. समोरच्या क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे रॉड बसतो त्या गोल भागावर, निळसर झाक. पोलाद तापून निळं पडलं म्हणजे तिथं ऑईलची फिल्म तुटली होती. मेनची पाचही बेअरिंग मात्र चांगली निघाली. मालकाच्या खिशाच्या दृष्टीने सकाळपासूनची ही पहिली चांगली बातमी.

सकाळी ११.००

चहाबरोबर मालक हजर. इचलकरंजीचा तरुण, यंत्रमागाचा घरचा धंदा, बोलणं सरळ. मोबाईल पुढे करतो.

"मेस्त्री, कुर्ल्यात एक इंजिन हाय. पूर्ण. फोनवर स्टार्ट करून दाखवलं त्यानं. आत्ता पैसे टाकले की उद्या ट्रॅव्हल्सनं येतंय. कशाला खोलत बसताय?"

"दादा, त्या इंजिनात पिस्टन कुठले आहेत?"

"कंपनीचे असणार की."

"आणि रॉड?"

तो गप्प.

"म्हणजे तुमचे जे तुटले तेच. ते आणून दीड बार बूस्ट दिला तर पुढच्या शर्यतीला हेच चित्र दिसणार. तेही उघडावं लागणार, त्यातही फोर्ज्ड माल टाकावा लागणार. तुम्ही तिकडून फक्त बिडाचा ठोकळा आणि क्रँक विकत घेताय."

"पण अमेरिकेत तर पटापट इंजिन बदलतात. मी व्हिडिओ बघितलेत."

बरोबर आहे. तिथल्या टॉप फ्युएल वर्गात नायट्रोमिथेनवर चालणारं आठ सिलिंडरचं इंजिन दर धावेनंतर खोलतात आणि दोन फेऱ्यांमधल्या तासाभराच्या आसपास वेळात परत उभं करतात. त्या गाड्या आता पाव मैलही धावत नाहीत. २००८ मध्ये स्कॉट कलिट्टा या चालकाचा अपघाती मृत्यू झाल्यावर अंतर १००० फुटांवर आणलं गेलं. त्यांच्या ट्रेलरमध्ये बांधून तयार ठेवलेले शॉर्ट ब्लॉक, म्हणजे क्रँक, रॉड आणि पिस्टन बसवलेले ब्लॉक, असतात; रॉड आणि पिस्टन हे त्यांच्या लेखी झिजून जायचेच भाग. पण तो तयार शॉर्ट ब्लॉक त्यांनीच, त्यांच्याच मापांनी बांधलेला असतो. ते बाजारातून जुनं इंजिन उचलून आणत नाहीत. मालकाला हे पटलं. कुर्ल्याला "दुपारी सांगतो" असा निरोप गेला.

दुपारी १२.००

ब्लॉक उकळत्या वॉशिंग टँकमधून काढून ठेवलाय. हेल्पर बोअर गेज घेऊन तयार, त्याला थांबवतो. गरम ब्लॉक मापायचा नाही. बीड आणि गेजची दांडी एकाच तापमानाला आली पाहिजे. ८१ मि.मी.चं बोअर १५ अंशांनी तापलं तर मिलिमीटरच्या एका शतांशाहून थोडं जास्तच फुगतं, आणि आमचा सगळा खेळ त्याच शतांशांचा. पंख्याखाली ब्लॉक, मायक्रोमीटर आणि गेज शेजारी शेजारी ठेवून दिले.

तोवर हेड पाहून घेतलं. सरळ पट्टी आडवी, उभी, तिरपी ठेवून फीलर गेज घातला. ०.०५ आत जात नाही. एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळकट, तो बदलायचा. ज्वलनकक्षात तुटलेल्या लँडच्या तुकड्यांचे टवके आहेत, त्यांच्या धारा घासून घालवायच्या. धार राहिली तर ती तापून लाल होते आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते. हेड राहिलं.

मग बोअर. प्रत्येक सिलिंडर तीन खोलींवर आणि दोन दिशांनी, एकदा क्रँकच्या रेषेत आणि एकदा तिला आडवा. मूळ माप ८१.०१. एक आणि दोन ८१.०२, चार नंबर ८१.०३. झीज नावापुरतीच. तीन नंबर ८१.०५ आणि त्याशिवाय ओरखडे. सर्वांत खोल ओरखडा ०.१२ मि.मी. आता साधं गणित. पुढच्या ओव्हरसाइजला, म्हणजे ८१.५१ ला बोअर केलं की भिंतीवरून सगळीकडे पाव मिलिमीटर निघतो. ०.१२ चा ओरखडा पाव मिलिमीटरात पुसला जातो. अल्ट्रासॉनिक गेजने चारही भिंतींची जाडी पाहिली, कुठं पातळ जागा नाही.

मेन कॅप्स टॉर्कने आवळून हाउसिंगची गोलाई पाहिली. पाचही जागा एका शतांशाच्या आत आणि एका रेषेत. ड्रॅगच्या इंजिनात मला सर्वांत धाकधूक इथलीच असते. बोअर खराब झालं तर लायनर बसवता येतो. क्रँक ज्या पाच भिंतींवर टेकतो त्यातली एखादी चिरली किंवा रेषेतून सरकली, तर ब्लॉक भंगारात.

दुपारी १.३०

डबे. मालक आमच्यातच भाकरी खातो. हेल्पर त्याला विचारतो, "चीर निघाली तर वेल्डिंग मारून न्हाई का चालत?" उत्तर शेजारच्या बाकावरून येतं. क्रँक ग्राइंडिंगवाले मामा, उद्यमनगरात केस पिकलेले. "बीड हाय रे ते. त्यात ग्राफाइटच्या पापड्या असतात. म्हणून थरथर गिळतंय, पण ताण आला की त्या पापड्यांच्या कडेनंच फाटतंय. वेल्डिंग केलं तर जोड टिकतो, शेजारी नवीन चीर पडते." वेल्डिंग न करता खिळे ओवून चीर शिवायची पद्धत आहे. पाण्याच्या जॅकेटच्या बाहेरच्या भिंतीला ती चालते. मेनच्या भिंतीला, तेही ड्रॅगच्या गाडीत, मी चालू देत नाही.

दुपारी २.१५

क्रँक आणि ब्लॉक मामांच्या शेडमध्ये. तीन नंबरचा जर्नल मापला. मूळ ४७.८० च्या जरा खाली असायला हवा, तो ४७.६२ ला आलाय. पहिल्या अंडरसाइजला पाव मिलिमीटर कमी करतात, म्हणजे ग्राइंड करून बसतो. मालकाचा चेहरा खुलला.

"थांबा," मामा म्हणाले.

त्यांनी क्रँक चुंबकित केला. त्यावर लोखंडी भुकटी मिसळलेलं चमकणारं द्रावण ओतलं, शेडचा दिवा घालवला आणि अतिनील दिवा लावला. चीर असते तिथं चुंबकीय रेषा बाहेर सांडतात आणि भुकटी तिथं गोळा होते. तीन नंबरच्या जर्नलच्या कोपऱ्यात, जिथं जर्नल आणि क्रँकचा गाल मिळतात त्या गोलाईत, हिरवी रेघ उमटली. पुसून पुन्हा ओतलं. पुन्हा तिथंच.

ही रेघ ग्राइंडिंगने जात नाही. ग्राइंडिंग जर्नलच्या पृष्ठभागावर होतं, चीर कोपऱ्यातून आत गेलीय. मिनिटाला ७२०० फेऱ्यांना या इंजिनाचा पिस्टन सेकंदाला सरासरी २०.७ मीटर वेगाने धावतो, आणि दर फेरीत दोनदा थांबून उलटा फिरतो. तो झटका याच कोपऱ्यात येतो. क्रँक बाद. तसा शेरा रंगाने त्याच्यावरच लिहिला, नाहीतर असा क्रँक कुणाच्या तरी इंजिनात परत जातो.

ब्लॉकच्या मेनच्या पाचही भिंती, कॅप्सच्या बोल्टांची भोकं आणि सिलिंडरांमधल्या पट्ट्या याच पद्धतीने पाहिल्या. कुठं रेघ नाही. मग पाण्याची भोकं बंद करून ब्लॉकमध्ये हवा भरली, गरम पाण्यात बुडवला, बुडबुडा नाही. ब्लॉक राहिला.

दुपारी ३.३०

आता वहीतली पहिली ओळ. का गेलं?

गाडीच्या ईसीयूचा लॉग मालकाने पेन ड्राइव्हवर आणलाय. शेवटची धाव उघडली. पहिल्या दोन गिअरांत लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, ०.८० च्या आसपास, म्हणजे टर्बो इंजिनाला पूर्ण जोरात लागतं तेवढं पेट्रोल मिळतंय. तिसऱ्या गिअरात फेऱ्या चढत जातात आणि लॅम्डाही चढतो, ०.८६, ०.९१, शेवटी ०.९५. इंजिन जोराच्या शिखरावर आणि मिश्रण पातळ होत चाललेलं. रेलमधला पेट्रोलचा दाब त्याच क्षणी खाली आलेला. पंप पुरा पडत नव्हता.

मग तीन नंबरच का गेला, चारही का नाहीत? इंजेक्टर बेंचवर लावले. ठरावीक वेळेत प्रत्येकातून नळकांड्यात किती पेट्रोल पडतं ते पाहिलं. तिघांचं सारखं, तीन नंबरचं स्पष्ट कमी. त्याच्या तोंडाची बारीक जाळी गाळाने भरलेली. सगळ्यांना कमी मिळत होतं, याला सर्वांत कमी.

"टाकीत काय होतं?" मी विचारलं.

"ट्यूनिंग शंभर ऑक्टेनवर झालंय मेस्त्री. पुण्यात मिळतं ते. त्या दिवशी मिळालं न्हाई, म्हणून साधंच भरलं."

साधं पेट्रोल म्हणजे आता २० टक्के इथेनॉलचं. आमचा जिल्हाच उसाचा, इथेनॉलला शिव्या घालायची आमची हिंमत नाही आणि इथं तसं कारणही नाही. इथेनॉल स्वतः डिटोनेशनला सहज दाद न देणारं इंधन. प्रश्न प्रमाणाचा आहे. शुद्ध पेट्रोल नीट जळायला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, शुद्ध इथेनॉलला ९. वीस टक्के मिसळलं की हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. म्हणजे तितक्याच हवेला पेट्रोल जास्त सोडायला हवं. ईसीयूतला नकाशा, म्हणजे कधी किती पेट्रोल सोडायचं तो तक्ता, जुन्या इंधनाचा, पंप आधीच तोकडा, ऑक्टेन शंभराच्या खाली, त्यात एक इंजेक्टर बुजका. चारही गोष्टी एकाच धावेत जुळल्या. फटका मात्र कंपनीच्या मापाच्या लँडने आणि रॉडने खाल्ला.

कुर्ल्याचं इंजिन सकाळीच मागवलं असतं तर ते याच पंपावर, याच इंजेक्टरांवर आणि याच नकाशावर चाललं असतं.

सायंकाळी ५.००

वहीत दोन रकाने. डावीकडे "हेच बांधायचं", उजवीकडे "दुसरं आणायचं". दोन्हीकडे जे सारखं येतं ते आधी खोडतो.

फोर्ज्ड पिस्टन आणि रिंगा, दोन्हीकडे. फोर्ज्ड रॉड आणि त्यांचे बोल्ट, दोन्हीकडे. मेन आणि रॉडची बेअरिंग, गॅसकेटचा संच, हेडचे नवे बोल्ट, ऑईल पंप, ऑईल कूलर, टर्बोची सफाई, मोठा पेट्रोल पंप, इंजेक्टर, पुन्हा ट्यूनिंग, सगळं दोन्हीकडे. खोडून झाल्यावर खर्चाचा मोठा वाटा कागदावरून गेलेला असतो. आयात पिस्टन आणि रॉडपुढे आमची मजुरी किरकोळ.

उरतं ते एवढंच. डावीकडे एक चांगला क्रँक, चारही सिलिंडरांचं ८१.५१ चं बोअर आणि होनिंग. उजवीकडे पूर्ण इंजिनाची किंमत, त्याचा इतिहास ठाऊक नसणं, आणि तेही खोलून, मापून, होन करावंच लागणं. त्याच्या ब्लॉकमध्ये काय निघेल ते उघडल्याशिवाय सांगता येत नाही. शिवाय इंजिनाचा नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. ब्लॉक बदलला की आरसीवरचा नंबर आरटीओकडे बदलून घ्यावा लागतो, त्यासाठी इंजिन कायदेशीर विकत घेतल्याची पावती लागते, विमा कंपनीला कळवावं लागतं. क्रँक बदलला तर यातलं काहीच नाही.

कुर्ल्याला फोन लावला. "सुटा क्रँक मिळेल?" आधी "पूर्ण इंजिनच घ्या" झालं. घासाघीस झाली. शेवटी सुटा क्रँक द्यायला तो तयार झाला. आमची अट एकच, इथं चीर तपासणार, रेघ निघाली तर परत. हे व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं.

सायंकाळी ६.३०

मालकाला वही दाखवली.

"दादा, तुमच्यापुढं तीन वाटा आहेत. ही गाडी फक्त इचलकरंजी ते कोल्हापूर चालवायची असेल, बूस्ट कंपनीचा ठेवायचा असेल, तर कुर्ल्याचं चालू इंजिन बसवा. कूलर आणि पेट्रोल पंप नवीन, इंजेक्टर साफ, बाकी काही नको. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर. शर्यतीला परत उतरायचं असेल तर तुमचाच ब्लॉक बांधूया, क्रँक बाहेरचा. तिसरी वाट म्हणजे जुनं इंजिन आणून त्यावर दीड बार बूस्ट. ती मी करणार नाही."

"किती दिवस?"

"पिस्टन आयात आहेत. ते हातात आल्याशिवाय बोअर करत नाही. आधी बोअर करून पिस्टनची वाट बघायची नसते. पिस्टन मापायचा, मग त्याला लागेल तेवढंच बोअर."

त्याला घाई आहे, पुढची शर्यत जवळ आलीय. तरी मान डोलावली. "बांधा मग. आमचंच बांधा."

सायंकाळी ७.३०

कामाचा कागद लिहून भिंतीला लावला, म्हणजे पिस्टन येतील त्या दिवशी कुणाला विचारावं लागणार नाही. होनिंग करताना ब्लॉकवर टॉर्क प्लेट आवळायची. हेड बसल्यावर बोल्टांच्या ताणाने सिलिंडर किंचित वाकडे होतात, ते वाकडेपण आधीच आणून त्या अवस्थेत गोल करायचं. कमी सिलिकॉनच्या फोर्ज्ड पिस्टनला कंपनीच्या पिस्टनपेक्षा जास्त क्लिअरन्स, कारण तापल्यावर तो जास्त फुगतो. थंड इंजिन जरा खडखडेल, मालकाला आधीच सांगून ठेवायचं. वरच्या रिंगची फट ०.४५ ते ०.५० मि.मी. ती कमी ठेवली तर तापलेल्या रिंगची टोकं एकमेकांवर आदळतात आणि लँड पुन्हा फुटतो. चारही पिस्टन आणि रॉड वजनाने एका ग्रॅमच्या आत. आलेला क्रँक आधी मामांच्या दिव्याखाली, मगच बेअरिंगांची मापं. पंप, इंजेक्टर आणि नवा नकाशा तयार झाल्याशिवाय इंजिन स्टार्ट करायचं नाही.

असं इंजिन घेऊन कुणी दारात आला तर त्याला एवढं सांगावं. गाडी रस्त्यावर चालवायची तर इंजिन बदला. धावपट्टीवर पळवायची तर ते बांधावंच लागतं, फक्त कोणत्या ब्लॉकवर बांधायचं ते ठरवायचं असतं. मेनच्या भिंती शाबूत, बोअर पुढच्या ओव्हरसाइजला पुसणारं आणि भिंत जाड असेल, तर आपलाच ब्लॉक ठेवा. मेनच्या भिंतीला चीर असेल किंवा रॉडने ब्लॉकला खिडकी पाडली असेल, तर विचार करत बसू नका, ब्लॉक बदला. आणि इंजिन का गेलं हे सापडलं नसेल, तोवर दोन्हीपैकी कशावरही पैसा घालू नका.